सिनेमाला गुण, प्रतीलाही गुण

अकिरा कुरोसावा यांचा ‘देर्सू उझाला’ (१९७५) मेळघाटातल्या माणसाने पाहायलाच हवा. सायबेरियाच्या जंगलात मोजणीसाठी आलेला एक रशियन कॅप्टन आणि त्याला वाट दाखवणारा गोल्डी जमातीचा वयस्कर शिकारी, यांच्या मैत्रीची ही गोष्ट. देर्सू विस्तवाशी आणि पाण्याशी माणसाशी बोलावं तसं बोलतो. मातीतल्या खुणा पाहून कोण गेलं, कधी गेलं हे सांगतो. वाघावर गोळी झाडल्यानंतर आता जंगल आपल्याला ठेवून घेणार नाही, या भीतीने तो आतून खचत जातो. धारणी, हरिसाल, सेमाडोहच्या मुलखात, जिथे रानात वाघदेवाची ठाणी आहेत, तिथे देर्सू परका वाटत नाही.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. गोठलेल्या तळ्यावर दोघे वाट चुकतात. वाऱ्याने पावलांच्या खुणा पुसल्या आहेत आणि सूर्य मावळतीला आला आहे. रात्री उघड्यावर राहिलं तर मरण ठरलेलं, म्हणून देर्सू कॅप्टनला गवत कापायला लावतो. दोघे कापत राहतात, कापत राहतात. सपाट, अफाट रान आणि त्यात दोन ठिपक्यांएवढी माणसं. मोजणीच्या यंत्राच्या तिवईभोवती ते गवत रचून आडोसा उभा राहतो. इथे संवाद जवळजवळ नाहीतच. सगळा अर्थ चौकटीच्या रुंदीत आहे. चित्रपट ७० मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेला, चौकटीची रुंदी उंचीच्या २.२० पट. जुन्या टीव्हीचा पडदा मात्र उंचीच्या १.३३ पट रुंद. तो पूर्ण भरावा म्हणून दोन्ही बाजूंनी कापलेली प्रत काढली, की चित्राचा सुमारे ४० टक्के भाग जातो. उरतो तो गवत कापणारा एक माणूस. दुसरा कुठे आहे ते कळत नाही, तळं किती मोठं ते कळत नाही, आणि मग भीतीही कळत नाही.

अशी प्रत पाहून एखाद्याने वहीत ‘संथ चित्रपट, पाचपैकी दोन’ असं लिहिलं, तर ते दोन गुण कुणाचे? माझ्या मते ते कुरोसावांचे नव्हेत, प्रतीचे आहेत. घरी सिनेमा जमवणाऱ्या आणि त्याला गुण देणाऱ्या प्रत्येकाने आधी ही फारकत शिकायला हवी. मोठ्या शहरातल्या रसिकाला ती उशिरा शिकली तरी चालते, कारण एखादा जुना चित्रपट कधीतरी महोत्सवात मोठ्या पडद्यावर पाहून त्याला स्वतःची चूक सुधारता येते. धारणीहून अमरावतीला जायचं म्हणजे घाट उतरून, परतवाडा ओलांडून दीडशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवायचा, आणि तिथेही चित्रपटगृहात कुरोसावा लागत नाहीत. सीमेपलीकडचं बऱ्हाणपूर आणि किशोरकुमारांचं खंडवा जवळचे, पण तिथेही गोष्ट तीच. इथल्या माणसासाठी घरात आलेली प्रत हाच तो सिनेमा असतो. म्हणून प्रतीची पारख इथे अधिक गरजेची.

प्रतींचा इतिहास फार जुना नाही. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि त्यामागोमाग व्हीसीआर गावोगाव पोचला. भाड्याने व्हीसीआर आणि टीव्ही आणायचा आणि रात्रभर तीन-चार चित्रपट पाहायचे, हे त्या दशकातल्या तालुक्याच्या गावांचं सार्वत्रिक चित्र. वेगळ्या वाटेचा सिनेमा मात्र त्या कॅसेटींत नव्हता. तो मिळाला दूरदर्शनवर. रविवारी दुपारी दाखवल्या जाणाऱ्या प्रादेशिक चित्रपटांनी बंगाली, मल्याळी, कन्नड सिनेमा खालच्या इंग्रजी ओळींसह घराघरात आणला. मग आली व्हीसीडी. तिच्या एका तबकडीत साधारण ७४ मिनिटं मावत, म्हणून हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत. त्यानंतर डीव्हीडी. २००७ साली कोऱ्या तबकड्या बनवणारी मोझर बेअर ही कंपनी चित्रपटांच्या धंद्यात उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. किराणा दुकानात, एसटी स्टँडवरच्या टपरीवर अधिकृत तबकडी मिळू लागली. त्याच सुमारास एनडीटीव्ही ल्युमिएर आणि पॅलेडोर यांनी जागतिक चित्रपटांच्या डीव्हीडी भारतात आणल्या. हे दिवस फार टिकले नाहीत. २०१८ साली मोझर बेअर अवसायनात निघाली. त्याआधी २०१६मध्ये व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही उत्पादन थांबवलं होतं. आज ज्यांच्या कपाटात त्या चौतीस रुपयांच्या तबकड्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यातला प्रत्येक चित्रपट पुन्हा बाजारात मिळेलच असं नाही.

आता या तबकड्यांत चित्र किती असतं ते पाहू. आपल्याकडच्या व्हीसीडीत प्रत्येक चौकट ३५२ बिंदू रुंद आणि २८८ उंच, म्हणजे एकूण एक लाखाच्या थोडी वर. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, सव्वाचार लाखांच्या जवळ. ब्लू-रेत १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर. म्हणजे ब्लू-रेच्या एका चौकटीत व्हीसीडीच्या वीसपट तपशील मावतो. देर्सूच्या तळ्यावरचा दूरचा माणूस व्हीसीडीत दोन-चार बिंदूंचा उरतो. अंधार पडू लागला की तेही बिंदू एकमेकांत मिसळतात. बाजारात मिळणारी ‘पाच चित्रपट एकात’ अशी तबकडी घेतली तर गणित आणखी बिघडतं. एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, पाच चित्रपट कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला एकही येत नाही. वर अशा बहुतेक तबकड्या चोरीच्या असतात, हा वेगळा गुन्हा.

दुसरी गोष्ट डोळ्यांना नाही, कानांना कळते. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी चालते. युरोपात आणि आपल्याकडे टीव्हीसाठी असलेली ‘पाल’ पद्धत सेकंदाला २५ चौकटींची. पाल पद्धतीची प्रत काढताना पुष्कळदा सोपा मार्ग घेतला जातो, सगळा चित्रपट थोडा जलद चालवायचा. दोन तासांचा चित्रपट मग सुमारे ११५ मिनिटांत संपतो. तेवढ्याने गोष्ट बदलत नाही, पण सूर चढतो. पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं जे अंतर, त्याच्या साधारण सत्तर टक्के. संगीतप्रधान चित्रपटांत हे खुपतं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा आपल्या संग्रहातला पहिला चित्रपट असावा असं मला मनापासून वाटतं. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनिसांची भूमिका, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात झालेला गौरव. तो पाहताना पागनिसांचा आवाज नेहमीपेक्षा पातळ वाटला, तर दोष गळ्याचा मानण्याआधी तबकडी तपासावी. वेष्टनावर लिहिलेली लांबी आणि घड्याळात भरलेली लांबी यांत चार टक्क्यांचा फरक आला की कारण सापडतं.

मूकपटांबाबत वेगाची हीच चूक आणखी मोठी होते. दादासाहेब फाळक्यांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि सेकंदाला २४पेक्षा कमी चौकटी घेत. ती फिल्म आजच्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळतात आणि बघणारा हसतो. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. योग्य वेगात पाहिलं तर तिचे विभ्रम किती नेमके आहेत ते दिसतं. शंभर वर्षांपूर्वीची माणसं चमत्कारिक हालत होती, हा समज चुकीच्या वेगाने चालवलेल्या प्रतींनी पसरवला.

एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींत जमीनअस्मानाचा फरक का असतो, याचं सर्वात मोठं उदाहरण सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचं. ‘पथेर पांचाली’सह तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. करपलेल्या, चिकटलेल्या, ठिसूळ झालेल्या त्या रिळांची अवस्था अशी की कुठल्याही यंत्रातून ती जाऊ शकत नव्हती. तरी लॉस एंजेलिसच्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहालयाने ती फेकली नाहीत. पुढे अमेरिकेतल्या क्रायटेरियन या कंपनीच्या पुढाकाराने इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांच्यावर काम झालं. रिळं ओलसर करून पुन्हा लवचीक केली, कडेची भोकं हाताने दुरुस्त केली. वाचलेला भाग मूळ निगेटिव्हमधून आणि जळालेला इतर प्रतींतून घेत २०१५ साली नवी प्रत सिद्ध झाली. काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला धावणारी दुर्गा आणि अपू या प्रतीत पाहा आणि मग एखाद्या जुन्या व्हीसीडीवर पाहा. जुन्या प्रतीत काशफुलांचं रान म्हणजे नुसता पांढरा पट्टा असतो. ज्यांनी तेवढंच पाहिलं, त्यांना हा चित्रपट ‘गरिबीचा उदास सिनेमा’ वाटला असेल तर मी त्यांना बोल लावणार नाही.

आता गुणांकडे. चित्रपटाला तारे देण्याची पद्धत १९२८ साली न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थिरर यांनी सुरू केली, तेव्हा जास्तीत जास्त तीन तारे होते. आज आपण मोबाइलवर जे आकडे पाहतो, त्यांतला सर्वात प्रसिद्ध आयएमडीबीचा. त्यांच्या अडीचशे चित्रपटांच्या यादीसाठी त्यांनी अनेक वर्षं जाहीर केलेलं सूत्र साधं आहे. मतं कमी असतील तर चित्रपटाची सरासरी सगळ्या चित्रपटांच्या सरासरीकडे ओढायची. मतं वाढतील तशी ती ओढ सैल करायची. उंबरठा २५,००० मतांचा. समजा एका मराठी चित्रपटाला ५०० माणसांनी दहापैकी सरासरी ९ गुण दिले आणि सर्वसाधारण सरासरी ७ आहे. सूत्रातून गेल्यावर त्या चित्रपटाच्या वाट्याला येतात ७.०४. पाचशे माणसांचं प्रेम शून्य पूर्णांक चार शतांश इतकंच मोजलं गेलं. खोटी मतं रोखायला सूत्र योग्यच आहे. पण त्या यादीत न दिसणारा चित्रपट कमी प्रतीचा असतो, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) घ्या. विदर्भातला शेतकरी, वऱ्हाडी बोली, न पडणारा आणि मग नको तेव्हा पडणारा पाऊस. रॉटरडॅमच्या महोत्सवात तो दाखवला गेला. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेलं त्यातलं जोडपं मी जगातल्या कुठल्याही मोठ्या चित्रपटाशेजारी ठेवीन. अमरावती-अकोल्याच्या माणसाच्या संग्रहात तो नसेल तर संग्रह अपुरा आहे.

जाणकारांच्या याद्यांवरही प्रतींचा प्रभाव पडतो. लंडनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना श्रेष्ठ चित्रपट विचारतं. पहिल्या वर्षी ‘बायसिकल थीव्हज’ पहिला आला. १९६२ ते २००२ या पाचही वेळी ‘सिटिझन केन’. हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) १९७२पर्यंत पहिल्या दहात नव्हता. मग १९८२ साली सातवा, १९९२ला चौथा, २००२ला दुसरा आणि २०१२ला पहिला. चित्रपट तोच होता. या दरम्यान काय घडलं? बरीच वर्षं तो बाजारातून काढून घेतलेला होता. १९८३च्या सुमारास तो पुन्हा प्रदर्शित झाला, घरोघरी कॅसेटवर पोचला, आणि १९९६ साली त्याची मूळ रंगांची निगा राखून नवी प्रत तयार झाली. त्याच्या चढत्या क्रमांकामागे समीक्षेतले बदल आहेतच. पण त्यातला मोठा वाटा उपलब्धतेचा आहे, असं माझं ठाम मत आहे. २०२२ साली शांताल आकेरमान यांचा ‘जान दिल्मान’ पहिला आला. एका गृहिणीचे तीन दिवस, बटाटे सोलणं, भांडी घासणं, सव्वातीन तासांहून जास्त. हा चित्रपट चांगल्या डीव्हीडीवर घरी आला नसता तर इतक्या समीक्षकांनी तो पाहिला असता का? पाहिलेल्या चित्रपटालाच मत मिळतं. ‘पथेर पांचाली’ त्या यादीत पहिल्या शंभरात आहे. मराठी चित्रपट नाही, आणि ‘संत तुकाराम’ची दर्जेदार ब्लू-रे जगभर मिळत असती तर असता, असं मला वाटतं.

मग वहीत लिहायचं कसं? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर अंधाऱ्या चित्रगृहात छोट्या टॉर्चच्या उजेडात सतत टिपणं घेत. कोणत्या रिळात काय आहे, कुठे ओरखडा आहे, कोणता तुकडा गळला आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) या माहितीपटात हे सगळं येतं. घरच्या संग्रहासाठी तीच रीत घ्यावी. चित्रपटाचं मत एका रकान्यात, प्रतीचं दुसऱ्यात. प्रतीच्या रकान्यात चौकट पूर्ण आहे का, लांबी किती भरली, काळोखातले तपशील दिसतात का, आवाज स्वच्छ आहे का, खालच्या ओळी कोणत्या भाषेत आणि कितपत बिनचूक. चित्रपटाच्या रकान्यात आकडा दिला तर त्याखाली किमान दोन वाक्यं कारणाची. दहा वर्षांनी आकड्याचा काही उपयोग नसतो. ‘आईचं काम करणाऱ्या बाईचे हात लक्षात राहिले’ हे वाक्य उपयोगी पडतं. आणि प्रत वाईट असेल तर चित्रपटाचा रकाना कोरा ठेवावा. चांगली प्रत मिळेपर्यंत निकाल राखून ठेवण्यात कमीपणा नाही.

खालच्या ओळींचा प्रश्न धारणीत अधिक बिकट. बाजारात हिंदी, घरात कोरकू, शाळेत मराठी, आणि तबकडीवर इंग्रजी. पण याच अडचणीवर एका खेड्याने मात केल्याचं उदाहरण आपल्या देशात आहे. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे सुपारीच्या बागांतलं छोटं गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९७३ साली चित्रपट मंडळ काढलं. पुण्याहून प्रती आणून शेतकऱ्यांना ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्हज’ दाखवले, आधी कन्नडमध्ये गोष्ट समजावून सांगून. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर आणि नायर तिथे जाऊन रसास्वादाचे वर्ग घेत. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनीही या चित्रपटांवर हिरिरीने मतं दिली. धारणीत सुरुवात करायची तर मी बोलणं कमी असलेले चित्रपट आधी घेईन. चॅप्लिन, ३४ मिनिटांचा फ्रेंच ‘रेड बलून’ (१९५६), मग माजिद माजिदी यांचा इराणी ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७). बहीण-भावात मिळून बुटांचा एकच जोड, शाळेच्या दोन पाळ्या आणि मधली पळापळ. हे समजायला कुठलीच ओळ वाचावी लागत नाही. घराबाहेर, शाळेत किंवा समाजमंदिरात दाखवायचं असेल तर हक्क असलेल्या संस्थेची परवानगी घ्यावी. विकत घेतलेली तबकडी फक्त घरच्या पाहण्यासाठी असते.

मेळघाटच्या पावसात जपणुकीचंही सांगायला हवं. कॅसेटच्या फितीला बुरशी लागते आणि ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी पुढच्या कॅसेटींना जाते. म्हणून पांढरे ठिपके दिसले तर ती चालवू नये. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. घरी भरलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर उजेडाने आणि उष्णतेने विटतो, त्यामुळे लग्नाची, गावच्या यात्रेची भरलेली सीडी आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवावी.

वऱ्हाडातल्या संग्राहकाला आणखी एक संधी आहे आणि ती तबकड्यांहून मोठी आहे. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले; जेमतेम तीस उरले, त्यांतलेही पुष्कळसे तुकड्यांत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) कुठेच नाही. रिळांतली चांदी काढण्यासाठी ती विकली, गाळली गेली. पण सिनेमाच्या व्यापारात ‘सी. पी. बेरार’ नावाचा एक स्वतंत्र इलाखा होता आणि आजही ते नाव चालतं. अमरावती आणि भुसावळ ही त्याच्या वितरकांची ठाणी. इथूनच टुरिंग टॉकीजच्या तंबूंत आणि तालुक्यांच्या टॉकीजांत पेट्या जात. इलाख्यात फिरलेली प्रत्येक पेटी परत गेलीच असेल, असं धरून चालू नये. परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, अकोट इथल्या एखाद्या जुन्या टॉकीजच्या माळ्यावर, एखाद्या तंबूवाल्याच्या वाड्यात पत्र्याचे गोल डबे सापडू शकतात. सापडले तर घाईने उलगडू नका. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली आहे. बाकीच्या डब्यांपासून ती वेगळी आणि थंड जागी ठेवा. १९५०च्या आधीची वाटली तर ती नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट पाण्याखालीही जळतं. तिच्याजवळ दिवा, विडी, उदबत्ती काही नेऊ नका आणि राहत्या घरात ठेवू नका. डब्यावरचं नाव, रिळाचा क्रमांक, सेन्सॉरची चिठ्ठी असेल तर तिचे फोटो घ्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. चित्रपट कोणता आहे ते तिथले लोक ओळखतील. गाजलेला असो की पडेल, गुणांचा प्रश्न नंतर.